मास्तरांचं जुनं पाणी

आमच्या हॉलला खिडकी नाही. पूर्वी इथे गाद्यांचं गोदाम होतं, आणि गाद्यांना बाहेर बघायची हौस नसते. आता आत रांगेने खाण्याचे गाळे आहेत, वर तारांवर लाल-पिवळे कागदी दिवे टांगलेत आणि दारावर मोठ्या अक्षरांत ‘रात्रबाजार’ असं लिहिलंय. बाहेर अजून लख्ख ऊन असलं तरी आत पाऊल टाकलं की तिन्हीसांजा. लोकांना त्याचंच कौतुक. येतात, माना वर करून दिव्यांचे फोटो काढतात, मग काय खायचं यावरून घरच्यांशी भांडतात. एका कोपऱ्यात बांबूच्या टोपल्यांतून पिठाच्या पुरचुंड्या वाफवतात, पलीकडे भल्यामोठ्या कढईत नूडल्स उडवतात, कुणी काड्यांना मासे टोचून निखाऱ्यावर भाजतो. पूर्वेकडचा जेवढा म्हणून मुलूख आहे तेवढा सगळा या एका छपराखाली आणलाय, असं आमचा मॅनेजर येईल त्याला सांगतो. तो स्वतः घरून डबा आणतो.

माझा गाळा ज्यूसचा. शिवाय थंड चहात साबुदाण्याचे काळे गोळे घालून विकते. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. पण लोक जाड नळीने ते गोळे ओढतात आणि वर आणखी मागतात, तर माझं काय जातंय.

माझ्या समोरचा गाळा मास्तरांचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. उभा जन्म मशीनवर वाकून गेला. लोक तयार कपडे घ्यायला लागले तसं त्यांच्या दुकानात उसवलेल्या शिवणी आणि बिघडलेल्या चेनी यांपलीकडे काही येईना, आणि उतारवयात बायकोच्या सूपच्या गाळ्यावर ते तिच्या हाताखाली उभे राहिले. पण शिंपीपण काही सुटलं नाही. गळ्यात टेपेच्या जागी नॅपकिन आला, इतकंच. कांद्याची पात चिरायची तर सगळे तुकडे एका मापाचे. गिऱ्हाईक समोर आलं की आधी त्याचे खांदे बघणार, मग चेहरा. एकदा मॅनेजर नवा कोट घालून मिरवत आला, तर मास्तर सूप वाढता वाढता म्हणाले, “डावी बाही अर्धं बोट लांब आहे.” त्या दिवशी ते बोललेलं तेवढंच वाक्य. बिचारा मॅनेजर सबंध संध्याकाळ डावा हात दुमडून फिरत होता.

बोलायचं खातं त्यांच्या बायकोकडे होतं. तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. ताई तरुणपणी एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला होत्या. तिथे परमुलखातून आलेली एक म्हातारी आचारीण होती. तिची भाषा ताईंना येत नव्हती, ताईंची तिला येत नव्हती, तरी दोघींचं चांगलं मेतकूट जमलं. गावी परत जायच्या आधी म्हातारीने हे हाडांचं सूप ताईंना शिकवलं, ते सुद्धा खुणांनीच. ताई सांगायच्या, “मीठ किती घालायचं ते मात्र तिने डोळे मिटून दाखवलं. म्हणजे अंदाजाने. मी तसंच घालते.”

या मिठावरून नवराबायकोचं रोज वाजायचं. रोज म्हणजे अगदी रोज. संध्याकाळी हॉल उघडायच्या आधी ताई पळीभर सूप मास्तरांपुढे धरायच्या, मास्तर चाखायचे आणि म्हणायचे, “मीठ जरा जास्त आहे.”

“असू दे. माणसाला तहान लागली पाहिजे. नाहीतर समोर ती ज्यूसवाली माश्या मारत बसेल.”

आणि मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. खरंच त्यांची गिऱ्हाइकं सूप संपवून माझ्याकडे यायची, खोटं कशाला बोलू. मास्तर मात्र कधी आले नाहीत. मीठ जास्त आहे म्हणायचे, सगळा बाऊल प्यायचे आणि तहान लागली तरी हट्टाने तसेच राहायचे. माझ्या गाळ्यावर येऊन ज्यूस मागणं म्हणजे बायकोचं म्हणणं मान्य करणं, आणि तेवढं नमतं घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आता त्या सूपचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ते पातेलं कधी रिकामं होत नसे. उभं, खोल पातेलं, दोन्ही बाजूंना मधोमध कड्या, आणि आतून त्या कड्यांचे खिळे दिसायचे. हॉल बंद होताना सूप त्या खिळ्यांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, हा ताईंचा नियम. रांग कितीही मोठी असो, सूप खिळ्याला टेकलं की विक्री बंद. दुसऱ्या दिवशी त्याच जुन्या पाण्यात नवी हाडं, नवं आलं, नवं चक्रीफूल. दह्याला विरजण ठेवतो ना, तसं. सुट्टीच्या आदल्या रात्री पातेलं झाकून हॉलच्या थंड खोलीत जायचं. गाळा घेतला त्या दिवशी जे सूप ताईंनी पहिल्यांदा चढवलं, त्यातलं काही ना काही रोजच्या बाऊलमध्ये असायचंच. दुसरा नियम असा की टेबलावरून परत आलेला थेंबही पातेल्यात जाता कामा नये. “उष्टं मी कुणाला पाजणार नाही,” असं म्हणून त्या उरलेलं सरळ मोरीत ओतायच्या.

मी ते सूप कधी प्यायले नाही. हाडांचा वास मला सोसत नाही. पण एकदा मला ताप आला तेव्हा ताईंनी डबा भरून दिला, आणि त्यांच्यापुढे नाही म्हणायची सोय नव्हती. मी तो माझ्या बर्फाच्या फ्रीजरमध्ये आंब्याच्या पिशव्यांमागे सारला आणि छान होतं म्हणून सांगितलं. नंतर तो डबा तिथे आहे हे मी विसरूनही गेले.

गाळा त्यांनी राहतं घर विकून घेतला होता. दोन खोल्यांचंच घर, पण त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा जन्म तिथला, लग्न होऊन ती गेली तीही तिथूनच. तिला कळवलं ते व्यवहार झाल्यावर. इथे त्यांचं चुकलं, असं मी ताईंच्या तोंडावरही म्हणाले होते. मुलगी फोनवर एवढंच बोलली, “तुम्ही माझं माहेर विकून खाल्लंत.” त्यानंतर ती सणासमारंभाचा फोन करायची, तोही मास्तरांना. हॉलमध्ये तिने पाऊल ठेवलं नाही. ताई मागच्या गल्लीत भाड्याच्या एका खोलीत राहायच्या आणि दिवसभर हॉलमध्ये असायच्या. कुणी मुलीचा विषय काढला तर पातेल्याकडे बोट करायच्या.

“हेच आता तिचं माहेर. कधी आली तरी हे गरम मिळेल. म्हणून तर मी हे रिकामं होऊ देत नाही.”

मला वाटायचं, हे आपलं बोलायचं म्हणून बोलतात. पण एकदा हॉलमध्ये कसलीशी मोठी गर्दी झाली होती, रांग दारापर्यंत गेली होती, आणि सूप खिळ्याला टेकलं तशी ताईंनी गॅस बंद केला. लोक चिडले, मॅनेजर ओरडला. ताई शांतपणे म्हणाल्या, “हे खालचं विकायचं नाहीये. हे ठेवलेलं आहे.” कुणासाठी ते मला माहीत होतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला, त्या मुलीचाही आला, आणि त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी आत जाऊन उगाच ग्लास पुसत बसले.

ताई गेल्या त्या अचानक. सकाळी उठल्याच नाहीत. मुलगी लांबून यायची होती, ती पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती बापाच्या त्या खोलीत राहिली, रडली आणि परत गेली. हॉलकडे तेव्हाही आली नाही. मास्तरांनी दिवस झाल्यावर गाळा उघडला. मला वाटलं होतं, आता हे आवरतं घेतील. पण ते नॅपकिन गळ्यात टाकून पातेल्यापाशी उभे राहिले. ताईंचं जुनं पाणी आम्ही गाळेवाल्यांनी थंड खोलीत नेऊन ठेवलं होतं, ते बाहेर काढलं, त्यात हाडं घातली. तेव्हापासून ते एकटेच करायचे. मीठ आपल्या मापाने घालायचे, म्हणजे कमी. कुणी म्हणालं की सूप थोडं सपक झालंय, तर ते ऐकून घ्यायचे. गिऱ्हाईक घटलं, पण खिळ्याचा नियम त्यांनी मोडला नाही. एकदा मला म्हणाले, “बाई, हिचा हात अजून आहे यात. मी नुसता भर घालतो.” एवढं लांब वाक्य मी त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

तो सुट्टीनंतरचा दिवस होता. मास्तर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले, पातेलं थंड खोलीतून काढून शेगडीवर ठेवलं. गॅस पेटवला नाही. वरची चरबीची साय आधी आपोआप सैल व्हायला हवी, ही ताईंची पद्धत. मग हाडं आणायला बाहेर गेले. मी आले तेव्हा त्यांच्या गाळ्यातून खसाखसा घासल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, मास्तरांनी बाई लावली असेल.

बघते तर एक परकी बाई. पदर खोचून, कोपरापर्यंत फेस, आणि पुढ्यात ते पातेलं. आडवं पाडलेलं. आतून असं लखलखत होतं की वरचे कागदी दिवे त्यात दिसत होते.

मी काही विचारायच्या आत तीच हसून म्हणाली, “मी मास्तरांची मुलगी. कामासाठी आले होते इकडे, संध्याकाळची परतीची गाडी आहे. दारावरच्या वॉचमनने सोडलं आत. तुम्ही ज्यूसवाल्या मावशी ना? बाबा फोनवर बोलले होते तुमच्याबद्दल.”

“यात सूप होतं,” मी म्हणाले.

“सूप कसलं, मावशी. किती दिवसांचं शिळं होतं, देव जाणे. वर बोटभर थर, खाली काळं पाणी. बाबांना एकट्याला झेपत नाही हे, मला दिसतंय ना.” तिने मनगटाने कपाळावरचे केस मागे सारले. “आई म्हणायची, भांडं असं घासावं की तळात तोंड दिसलं पाहिजे. बाबा येतील तर म्हटलं, निदान एवढं तरी करून ठेवावं.”

तिला माहीत असायचं कारणच नव्हतं. घरी ताई हे सूप रोजचं रोज ताजं करायच्या आणि पातेलं रात्री घासून पालथं घालायच्या. जुन्या पाण्याची तऱ्हा गाळ्यावरची, आणि गाळ्यावर ही कधी आलीच नाही. हे सगळं मला कळत होतं, तरी माझ्या जिभेवर इतकं आलं होतं की सांगता सोय नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिच्या पाठीमागे मास्तर दिसले. हातात हाडांची पिशवी. त्यांनी मुलीला बघितलं, मग पातेल्याकडे बघितलं, मग मोरीकडे.

पिशवी त्यांनी खाली ठेवली. मुलगी वळली आणि “बाबा” म्हणाली. मास्तर जवळ गेले, पातेल्यात वाकून बघितलं.

“छान घासलंस,” ते म्हणाले. “आईसारखं.”

ती लहान मुलीसारखी खूश झाली. मास्तरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, अगदी जराशी. मी तोंडाला कुलूप घातलं.

तिला त्यांनी हॉल बघायला पाठवलं. “फिरून ये, दिवे बघ, तोवर मी सूप चढवतो.” ती रांगेरांगेने फिरू लागली, सगळे गाळेवाले तिला बोलावून बोलावून ताईंबद्दल सांगायला लागले. मास्तरांनी नव्या पाण्यात हाडं घातली, गॅस पेटवला आणि पातेल्याकडे पाठ करून भिंतीला टेकून उभे राहिले. रडत नव्हते. ते तसेच उभे होते आणि मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी कामाला लागले, आंब्याच्या पिशव्या काढायला फ्रीजर उघडला. तिथे तो डबा होता.

धावतच मी तो त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. काय आहे, कधीचं आहे, आणि मी ते का प्यायले नाही, सगळं एका दमात सांगितलं. मास्तरांनी डब्यावरचं बर्फ अंगठ्याने पुसलं. झाकणाला ताईंनी लावलेला रबर अजून तसाच होता. त्यांनी खालून एक छोटं पातेलं काढलं, पुसलं आणि लहान शेगडीवर ठेवलं. मला लगेच उमगलं. छोट्या पातेल्यात हे थोडं जुनं पाणी, त्यात थोडी हाडं, उद्या आणखी थोडी. महिन्याभरात मोठ्या पातेल्याच्या खिळ्यापर्यंत पोचलं असतं. ताईंचं सूप वाचलं म्हणून मी मनातल्या मनात हात जोडले. डबा कोमट पाण्यात ठेवून ते वितळायची वाट बघत आम्ही दोघंही तिथेच उभे राहिलो.

मुलगी परत आली ती डोळे लाल करून. कुणीतरी तिला खिळ्याखालच्या सूपचं अर्धवट सांगितलं होतं. म्हणजे आई तुझ्यासाठी रोज सूप राखून ठेवायची, इतकंच. ती काउंटरशी बसली आणि दोन्ही तळव्यांनी टेबल पुसल्यासारखं करत राहिली.

“बाबा, मला आईचं सूप द्या ना. म्हणजे तुम्ही केलेलंच, पण तसंच. मग मी निघते.”

मास्तरांनी मोठ्या पातेल्याचं झाकण उघडून बघितलं. त्यात नुकतं रंग धरू लागलेलं पाणी होतं. मग ते डब्याकडे वळले. त्यातलं सूप आता वितळलं होतं.

मी हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, निम्मं ठेवा. तिला निम्मं द्या.”

“माहेरी आलेल्या मुलीला अर्धा बाऊल देतात का, बाई?”

त्यांनी छोट्या पातेल्यात सगळं ओतलं, नुसतं उकळी येईपर्यंत तापवलं आणि काठोकाठ बाऊल भरला. छोटं पातेलं पूर्ण निथळून घेतलं. वरून एका मापाची कांद्याची पात. पाण्याचा ग्लास ठेवला तसं तिने बाऊल जवळ ओढला.

पहिल्या घोटालाच तिचे खांदे वाकले. मास्तर शिंप्याच्या नजरेने त्या खांद्यांकडे बघत होते. ती नुसती पीत राहिली आणि मधूनमधून नाक पुसत राहिली. मग म्हणाली, “अगदी तीच चव आहे हो, बाबा. कशी राखलीत तुम्ही?”

“राहिली,” मास्तर म्हणाले.

“मी पुन्हा येईन. येत जाईन मी. हे असंच मिळेल ना?”

“ये ना. केव्हाही ये.”

गाडीची वेळ होत आली तशी ती उठली. बाऊलमध्ये तळाला दोन घोट उरले होते. “पोट भरलं,” ती म्हणाली, बापाच्या पाया पडली, माझ्याही पडली, आणि दारात वळून तिने वरच्या दिव्यांकडे एकदा बघितलं. मास्तर तिला रस्त्यापर्यंत सोडून आले.

परत येऊन त्यांनी तो बाऊल उचलला. मोठं पातेलं आता खदखदायला लागलं होतं. त्याच्या काठाशी ते बाऊल घेऊन उभे राहिले. घाला, मी मनात म्हणत होते, घाला ते दोन घोट, कोण बघतंय. मास्तरांनी पातेल्याकडे बघितलं, बाऊलकडे बघितलं, आणि मला ताईंचा दुसरा नियम आठवला. त्यांनाही आठवला असणार. उष्टं पातेल्यात जात नाही.

त्यांनी हॉलकडे पाठ केली आणि ते दोन घोट स्वतः प्यायले. शेवटी बाऊल उलटा धरून थांबले. मग तो धुतला, पुसला, फळीवर पालथा ठेवला.

तेवढ्यात मॅनेजरने दार उघडलं, लोक आत यायला लागले. मास्तर हात पुसत पुसत काउंटरच्या बाहेर आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधली वाट ओलांडून माझ्या गाळ्यापाशी येऊन उभे राहिले.

“मीठ जास्तच घालायची ती,” ते म्हणाले.

मी एक ग्लास पुसून पुढे ठेवला.

“तहान लागलीय, बाई. एक ज्यूस द्या.”

मी संत्री कापायला घेतली.